हितं बसायचं का तितं

दि. १० जानेवारी २०१९, गुरुवार, सायंकाळचे सव्वासहा. लोणावळा स्थानकाबाहेर एका चिक्कीच्या दुकानापुढे उभा राहून मी दुकानदाराला विचारले, "येथे गुरुवारी मंडळी बसतात, ती जागा कोठे?"

प्रश्नात माझ्या मते दोष नव्हता. तळेगावला राहणाऱ्या माझ्या मुलीने फोनवरून चौकशी करून जी माहिती मिळवली, ती याच शब्दांत मला कळवली होती. दारू सोडू पाहणारी काही माणसे लोणावळ्यात दर गुरुवारी संध्याकाळी बसतात; जागा स्टेशनजवळ आहे; कोणालाही विचारा. मी विचारले. दुकानदाराने माझे वय पाहिले, इस्त्रीचा सदरा पाहिला आणि आवाज खाली आणून अदबीने म्हणाला, "आबा, सरळ जा. डाव्या हाताला हिरवी पाटी दिसेल. वर फॅमिली आहे, तिकडं जाऊ नका. बसायचं खाली."

हिरव्या पाटीवर 'परमिट रूम' असे लिहिले होते.

मराठीत माणूस खुर्चीवर बसतो, गाडीत बसतो, पंगतीला बसतो. पण तो नुसताच 'बसतो', तेव्हा तो दारू पीत असतो. 'आज बसायचं का?' या प्रश्नावर 'कशावर?' असा उलट प्रश्न आजवर कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. माझी सारी नोकरी भूमी अभिलेख खात्यात, मावळातल्या शेतांच्या मोजणीत गेली. मोजणी संपली, हद्दीच्या खुणा रोवल्या, की शेतकरी म्हणे, साहेब, आता थोडं बसू. मी बसत गेलो. निवृत्तीनंतर शेते सुटली, बांध सुटले, बसणे तेवढे राहिले.

दिवाळी झाल्यावर पत्नी मुलीकडे तळेगावला गेली. भांडण झाले नाही. पिशवी हातात घेऊन ती म्हणाली, "तुम्ही एकटे सोडता, म्हणून एकटेच परत धरता. चार माणसांत जाऊन बसा. बसलात की कळवा, मी येईन. तोवर येणार नाही." ती बोललेले फिरवत नाही. वडगावच्या घरात मी दोन महिने एकटा राहिलो. मग मुलीला फोन करून सांगितले की चार माणसे कोठे असतात ते शोध.

तर मी पाटीखाली उभा होतो. आतून कांद्याचा आणि भाजलेल्या पापडाचा वास येत होता. पत्ता विचारून आलो होतो आणि पत्त्यानेच मला येथे आणले होते. यात माझा काय दोष, असे मनात येऊ लागले. असे विचार मला सवयीचे होते. मी एक पायरी उतरलो.

पायऱ्यांच्या कडेला घडीची लोखंडी खुर्ची टाकून एक गृहस्थ बसले होते. डोक्याला कानटोपी, अंगात खाकी स्वेटर, पायाशी किटली. त्यांनी बोटातल्या अंगठीने किटलीच्या झाकणावर एकदाच टक् असा आवाज केला. मी थांबलो.

"कुटल्या बसण्याला आलात?"

मी म्हणालो, प्रश्न समजला नाही.

"आवो, बसायचं हितं का तितं?" त्यांनी आधी पायऱ्यांकडे आणि मग समोरच्या गल्लीकडे हात केला. "आत जायचं तर जावा. मी कुणाला धरत न्हाई. पर येवढं सांगा, पत्ता कुनी दिला?"

"चिक्कीवाल्याने."

"मंग बरुबर आलात. आमची निम्मी मानसं त्योच पाठिवतो."

त्यांनी खुर्ची मिटून काखेत मारली, किटली उचलली, झाकणावर दोनदा टक् टक् केले आणि म्हणाले, "चला, पुढं सरका." पुढे कोणी नव्हते. तरी मी सरकलो.

त्यांचे नाव मी लिहिणार नाही. आमच्यात नावे लिहीत नाहीत. सगळे त्यांना भाऊ म्हणत. गाव टाकवे बुद्रुक, घरची भातशेती, नोकरी एस.टी.त कंडक्टरची. नोकरी जाऊन बरीच वर्षे झाली होती. अंगातला कंडक्टर गेला नव्हता.

गल्लीच्या टोकाला एक पिठाची गिरणी होती. तिच्यामागच्या खोलीत आम्ही बसत असू. बाके भाऊंनी एकामागे एक, दोन रांगांत, मध्ये वाट सोडून मांडली होती. शहरातून आलेल्या एका सद्गृहस्थांनी सुचवले की अशा ठिकाणी माणसांनी गोल बसावे, म्हणजे सर्वांना सर्वांचे चेहरे दिसतात. भाऊ म्हणाले, "गोल फिरणारी गाडी कुटं पोचत न्हाई." बाके तशीच राहिली. ज्याला बोलायचे असेल त्याने मधल्या वाटेत उभे राहून बोलावे, असा नियम होता. भाऊ स्वतः दाराजवळ उभे असत. बसण्याचा एवढा आग्रह धरणारा माणूस खोलीत कधी बसलेला मी पाहिला नाही.

कारभार सारा घंटीवर चाले. घंटी म्हणजे किटलीचे झाकण आणि अंगठी. एक टक् म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. बोलता बोलता कोणाचा कंठ दाटला, तर भाऊ जवळ जात नसत, पाठीवर हात ठेवत नसत. दोनदा टक् टक् करत. माणूस पुढे बोलू लागे. एकदा एक बांधकाम ठेकेदार आपल्या जुन्या मेजवान्यांचे वर्णन करू लागले. पवना धरणाचा काठ, चांदणे, शेकोटी, असे करत ते मटणाच्या रश्श्यापर्यंत आले तेव्हा खोलीतल्या प्रत्येकाने आवंढा गिळलेला होता. टक्. भाऊ म्हणाले, "हा थांबा आपला न्हवं. फुडं बोला, घरी गेल्यावर काय झालं?" ठेकेदारांनी पुढचे सांगितले. त्यात चांदणे नव्हते.

नव्या माणसाला भाऊ पहिला प्रश्न विचारत, "आजचं तिकीट काढलं का?" म्हणजे आज घेतलेली नाही ना. मला हे माहीत नसल्यामुळे त्या पहिल्या संध्याकाळी मी खिशातून लोणावळा ते वडगाव असे परतीचे तिकीट काढून दाखवले. खोलीतली सगळी माणसे हसली. त्या दोन महिन्यांत माझ्यासमोर कोणी हसले नव्हते. मला राग आला नाही, याची मी नोंद घेतली.

एका तरुणाने एकदा छाती पुढे काढून सांगितले की मी जन्मभरासाठी सोडली. भाऊ म्हणाले, "जन्माचं सुट्टं माज्याकडं न्हाई. आजचं घे. हितं पास चालत न्हाई." आणि तोच तरुण पुढच्या महिन्यात मान खाली घालून आला, तेव्हा कोणी काही बोलायच्या आत भाऊंनी त्याला पुढच्या बाकावर जागा करून दिली. गाडी चुकली, एवढेच म्हणाले. स्टँड काही कुठे गेलेला नाही.

चहा ते स्वतः करत. तो वाईट असे. त्यात आले इतके असे की पहिला घोट घेताना माणसाच्या डोळ्यांत पाणी येई. ठेकेदार म्हणत, "भाऊ, हा चहा पिऊनच माणूस परत दारूकडे जाईल." भाऊंचे म्हणणे असे की घशाला काहीतरी जळजळीत लागल्याशिवाय पिणाऱ्याचा हात ग्लासाला विसरत नाही. या म्हणण्याला आधार काय, असे मी एकदा विचारले. "मी," ते म्हणाले.

मला त्यांनी पहिल्याच दिवशी गल्लीत चालताना ओळखले होते. टाकव्यात त्यांचा आणि त्यांच्या चुलत्याचा सामाईक बांध मी मोजला होता. "साहेब, हातभर कमी मोजलंत," ते म्हणाले. मी म्हणालो, मोजणी बरोबर होती. यावर आमचे कधीच एकमत झाले नाही. पुढे दर गुरुवारी कोणी नवखा आला की भाऊ माझी ओळख करून देत, "हे मोजणीसाहेब. ह्यांच्याकडं आमची हातभर जमीन हाय." नवखा हसे. हसलेला माणूस सहसा उठून जात नाही, हे भाऊंना ठाऊक होते. मोजणी बरोबर होती, हे मी दर वेळी सांगत असे.

परमिट रूमच्या दारात खुर्ची टाकायला त्यांना कोणाची परवानगी होती, हेही मी विचारले. तेथल्या व्यवस्थापकाशी त्यांचा जुना परिचय होता. भाऊ एके काळी त्याचे रोजचे गिऱ्हाईक. तो कधी बाहेर येऊन लटक्या रागाने म्हणे, भाऊ, तुम्ही माझी माणसे पळवता. भाऊ विचारत, तुझी एक तरी खुर्ची रिकामी राहिली आहे का? तो आत जाऊन बघून येई आणि सांगे, नाही. मग दोघे आल्याचा चहा पीत. तो चहा आनंदाने पिणारा तेवढा एकच इसम मला माहीत आहे.

स्वतःविषयी ते बोलत नसत. एकदाच, कोणी तरी फार आग्रह केला तेव्हा, मधल्या वाटेत उभे राहिले. म्हणाले, "ड्युटीवर पिऊन होतो. गाडी घाटात, मी मागच्या शिटावर झोपलेलो. नोकरी गेली त्याचं काय न्हाई. बायको म्हणायची, येक दिस तरी शुद्धीवर जेवा माज्यासंगं. ती गेली, आन् मंग मी सोडली." एवढे बोलून त्यांनी स्वतःच झाकणावर एकदा टक् केले आणि दाराजवळ जाऊन उभे राहिले. त्यांच्यासाठी दोनदा टक् टक् करण्याचे आमच्यापैकी कोणाला सुचले नाही.

आमचा खरा वाद शब्दावरून झाला. मी म्हणालो, या 'बसण्या'मुळे घोटाळा होतो. माणसे पत्ता विचारतात आणि भलत्या दारात जातात. आपण 'व्यसनमुक्ती साहाय्य सभा' असे रीतसर नाव घेऊ, पाटी लावू. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतले.

"सभा म्हणलं की मानूस मागं बसतो आन् लवकर उठतो," ते म्हणाले. "बसायचं म्हणलं की घरदार सोडून येतो. साहेब, तुमी सभेला आला असता का?"

 सभेला मी आलो नसतो.

पण हाच शब्द त्यांच्यावर एकदा उलटला. टाकव्यातही असे एक ठिकाण असावे असे त्यांनी मनात घेतले. शाळेच्या मागची बंदिस्त पडवी मिळवली आणि आदल्या दिवशी देवळाच्या कर्ण्यावरून स्वतः पुकारा केला. मी सोबत होतो, म्हणून शब्द अचूक देऊ शकतो. "उद्या सांजच्याला शाळेच्या मागं बसायचं हाय. ज्यांना प्यायचं आवरत न्हाई, त्यांनी आवर्जून यावं. खर्च कुणाला काय न्हाई."

दुसऱ्या दिवशी गावातला निम्मा पुरुषवर्ग आला. कोणी उकडलेली अंडी आणली होती, कोणी भाजलेले शेंगदाणे, कोणी चिरलेला कांदा आणि लिंबू. एकाने बर्फ आणला होता. मंडळी धुतलेल्या कपड्यांत, अत्यंत शिस्तीने, पडवीत येऊन बसली आणि भाऊंकडे पाहू लागली. भाऊंनी किटलीतून चहा ओतायला सुरुवात केली.

मंडळींनी पेले हुंगून पाहिले. मग एक पैलवान गडी उठून म्हणाला, "भाऊ, फसिवलंत तुमी."

"मी काय म्हणलो व्हतो? बसायचं हाय. बसलायस न्हवं?"

"पर माल कुटंय?"

"त्योच तर सोडायचाय. शेंगदाणं फुडं सरकव."

पैलवान निघाला. दारात त्याची आई उभी होती. गावभर फुकट दारू वाटली जाणार असे ऐकून ती हातात काठी घेऊन मुलाला न्यायला आली होती. आत काय चालले आहे, ते तिने दोन मिनिटे पाहिले. मग चौकटीत काठी आडवी धरून म्हणाली, "मागं हो. कंडक्टरनी घंटी मारल्याबिगर कुणी उतरायचं न्हाई." आणि भाऊंना म्हणाली, "चालू द्या तुमचं. मी हाय हितं."

तासभर कोणी उतरले नाही. अंडी संपली, शेंगदाणे संपले. शेवटी शेवटी दोघे-तिघे बोललेसुद्धा. पुढच्या आठवड्याला पाचसहा जण आले, आणि त्यांत तो पैलवान होता. लोणावळ्यातही त्यानंतर चहाबरोबर बिस्किटे बंद होऊन शेंगदाणे आले. चकण्याने काय पाप केले आहे, असा भाऊंचा सवाल होता.

टाळेबंदीत गिरणीमागची खोली बंद झाली. काही दिवसांनी दारूची दुकाने उघडली आणि रस्त्यावर आखलेल्या पांढऱ्या वर्तुळांत रांगा लागल्या. भाऊ रोज त्या रांगेत उभे राहत. आपल्यातला कोणी दिसला की त्याच्या मागचे वर्तुळ पकडत आणि गप्पा सुरू करत. रांग पुढे सरके, गप्पाही सरकत. खिडकी येईपर्यंत बहुतेक जण रांगेतून बाहेर पडत. त्या बहुतेकांत एकदा मी होतो. बोलण्याच्या नादात भाऊ एकदा स्वतःच खिडकीपुढे जाऊन पोचले. दुकानदाराने विचारले, काय देऊ? भाऊ म्हणाले, "काय न्हाई. उतरायचंय."

गुडघे थकल्यावर ते लोहगडवाडीला भाच्याकडे गेले. किल्ल्यावर जाणाऱ्या पोरांसाठी भाच्याची पिठले-भाकरीची टपरी आहे. मी मागच्या हिवाळ्यात भेटून आलो. भाऊ चुलीपाशी बसून चहा करत होते, होय, बसून. पुण्याची पोरे पहिला घोट घेऊन एकमेकांकडे पाहत होती आणि पेले हळूच खाली ठेवत होती. भाचा वैतागलेला होता. भाऊंनी भाच्याला माझी ओळख करून दिली. हातभर जमिनीचा उल्लेख झाला. मी नेहमीचे उत्तर दिले.

पहिल्या गुरुवारचे मात्र अजून सांगायचे राहिले आहे.

त्या दिवशी तिकिटाचा प्रकार सोडला तर मी तोंड उघडले नाही. मधल्या बाकावर बसून ऐकले. शेवटी दोनदा टक् टक् झाले आणि सगळे उठले. नव्या माणसाला भाऊ स्वतः फलाटापर्यंत सोडत, कारण वाट हिरव्या पाटीवरून जात होती. गाडीला वेळ होता. मी पत्नीला फोन लावला. काय बोलायचे ते वाटेत ठरवले होते. थोडक्यात आणि स्पष्ट. तिने फोन उचलताच मी म्हणालो, "आत्ताच बसून आलो."

"बसून?" ती म्हणाली.

मराठीवर माझे प्रभुत्व आहे, असा तोवर माझा समज होता. मी घाईने म्हणालो, "तसे नव्हे. चार माणसांत बसलो." ती म्हणाली, "हो, पूर्वीही चार माणसे असायचीच." मी म्हणालो, तू सांगितलेस म्हणूनच बसलो. त्याने अधिकच बिघडले. तिचा आवाज चढला नाही. उलट अगदी खाली गेला. "हे सांगायला फोन केलात?" ती म्हणाली. "बरं. ठेवते मी." हा 'बरं' मला ठाऊक होता. त्यानंतर ती पुन्हा विचारणार नव्हती, आणि येणारही नव्हती.

भाऊंनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"वहिनी, नमस्कार. मी कंडक्टर बोलतोय. साहेब आमच्यात बसलं, त्यांच्यात न्हाई. तुमी म्हणाल, ह्यो बी त्यातलाच. व्हय, व्हतो. पर मी काय सांगतो, आमी बसतो पिठाच्या गिरणीमागं. बाकावर पीठ आसतं, कितीबी झाडा. साहेबांची प्यांट मागनं पांढरीफेक झालीया. समदा फलाट बगतोय, ह्यांनाच तेवडं ठावं न्हाई. आता तुमीच सांगा, गुत्त्यात पीठ कुटनं येनार?"

मी हात मागे नेला. तळवा पांढरा झाला.

फोन माझ्याकडे परत आला.  तिने विचारले, "खरंच पीठ आहे?"

"आहे."

"झटकू नका. सकाळच्या गाडीने येते. मला बघू दे."

गाडी आली. भाऊंनी फलाटावरच्या लोखंडी खांबावर अंगठीने दोनदा टक् टक् केले आणि मागे न पाहता निघून गेले. डब्यात जागा भरपूर होती. वडगावपर्यंत मी उभ्याने आलो. बसलो असतो तर पीठ पुसले गेले असते.

घरी येऊन विजार जपून उतरवली आणि खुंटीला टांगली. तिला जेवताना दही लागते. दोन महिन्यांत घरात विरजण राहिले नव्हते. शेजारी जाऊन दार वाजवले आणि वाटीत चमचाभर मागून आणले. दूध कोमट केले, विरजण लावले, झाकण ठेवले. थंडी होती, म्हणून भांडे टॉवेलात गुंडाळले आणि ओट्याच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून ठेवले.